घरातल्या घरात जिवंत माती: एक क्रेट तयार करा आणि वर्षानुवर्षं चालवा

नर्सरीतून पॉटिंग मिक्सची पिशवी आणायची, तिच्यात मेथी-कोथिंबीर लावायची, दोन काढण्या झाल्या की माती संपली असं समजून ती सोसायटीच्या आवारात ओतायची आणि नवी पिशवी आणायची. फ्लॅटमधली बाग बहुतेक घरांत अशीच चालते. पण माती अशी संपत नसते. तिच्यातल्या जिवांना खायला मिळेनासं होतं, किंवा पाणी साचून त्यांचा श्वास कोंडतो. एकदा नीट तयार केलेली आणि नीट सांभाळलेली माती फेकायची वेळ येत नाही. ती जुनी होत जाते तसं तिच्यात पिकवणं सोपं होतं.

आपल्याकडे घराच्या मातीचा हा विचार जुना आहे. कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांनी प्रयोग परिवार या प्रयोगशील शेतकऱ्यांच्या जाळ्यातून पालापाचोळा, पांढरी मुळं आणि सूर्यप्रकाश यांचा हिशोब सामान्य माणसाच्या हातात दिला. मुंबईत डॉ. आर. टी. दोशींनी उसाच्या चिपाडावर गच्चीत भाज्या पिकवून दाखवल्या. मुंबई बंदराच्या स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी तिथल्याच ओल्या कचऱ्यातून बाग उभी केली. पण ही सगळी कामं गच्चीवरची. तिथे ऊन, वारा, पाऊस आणि किडे खाणारे किडे आपोआप येतात. घराच्या आत यातलं काहीच येत नाही. पाऊस नसल्याने मातीत क्षार साठत जातात, वारा नसल्याने ओल टिकून राहते, आणि एखादी कीड आली तर तिला खाणारं कोणी नसतं. म्हणून गच्चीची कृती जशीच्या तशी आत आणली की घोळ होतो. हा लेख खोलीत, खिडकीशी किंवा एलईडी दिव्याखाली भाजी लावणाऱ्यांसाठी आहे.

जिवंत मातीत काय चालतं, ते थोडक्यात सांगतो, कारण पुढची प्रत्येक पायरी त्यावर उभी आहे. पेंड किंवा कंपोस्ट मातीत घातलं की आधी जिवाणू आणि बुरशी ते खातात आणि त्यातलं नत्र (नायट्रोजन) स्वतःच्या शरीरात साठवतात. मग त्यांच्यापेक्षा थोडे मोठे, म्हणजे एकपेशीय प्राणी आणि सूक्ष्म सूत्रकृमी (दोऱ्यासारखे बारीक जंत), त्या जिवाणूंना खातात. खाल्लेल्यातलं जास्तीचं नत्र ते अमोनियमच्या रूपात बाहेर टाकतात आणि ते मुळांना मिळतं. मुळंही आपल्याकडून साखरेसारखे पदार्थ मातीत सोडून जिवाणूंना जवळ बोलावत असतात. या साखळीला तीन गोष्टी लागतात: ओल, हवा आणि सतत थोडं थोडं खाणं. यातली एक जरी तुटली तरी पानं पिवळी पडतात, आणि मग आपण बाटलीतलं खत शोधायला लागतो.

क्रेट आणि वजन

सुरुवात छोट्या कुंडीपासून करू नका. पाच लिटरच्या कुंडीत ओल एका दिवसात खूप वर-खाली होते आणि ही साखळी टिकत नाही. भाजीवाल्यांकडचा मोठा प्लास्टिकचा क्रेट उत्तम. त्यात साधारण ४५ ते ५० लिटर मिश्रण बसतं आणि त्याला सगळीकडून भोकं असतात, म्हणजे हवा खेळते. आतून गोणपाट किंवा हिरव्या शेडनेटचा दुहेरी थर लावा. खाली ट्रे ठेवा आणि ट्रे आणि क्रेट यांच्यामध्ये दोन विटा किंवा लाकडी पट्ट्या, म्हणजे तळ पाण्यात बसणार नाही.

भरलेला, भिजलेला क्रेट ३५ ते ४० किलोचा होतो. तो भरल्यावर हलवायचा नाही, जागेवरच भरायचा. बाल्कनीत असे अनेक क्रेट एका ओळीत ठेवायचे मनात असेल तर आधी इमारतीच्या बांधकामाची माहिती असलेल्या माणसाला विचारा.

मिश्रण

माप दहा लिटरच्या बादलीचं घ्या. एका क्रेटला भिजवून फुलवलेलं कोकोपीट दीड बादली, चांगलं कंपोस्ट किंवा गांडूळखत दीड बादली, मिश्रण भुसभुशीत ठेवणारा पदार्थ दीड बादली आणि खरी माती अर्धी बादली.

कोकोपीटची वीट स्वस्त आणि सोयीची, पण ते धुतल्याशिवाय वापरू नका. नारळ खाऱ्या हवेत वाढतो आणि त्याच्या काथ्यात सोडियम-पोटॅशियम भरलेलं असतं. वीट फुलल्यावर दोनदा साध्या पाण्यातून काढा. तिसऱ्या पाण्यात दोन-तीन चमचे जिप्सम ढवळून रात्रभर ठेवा आणि सकाळी पिळून घ्या. जिप्सममधला कॅल्शियम कोकोपीटला चिकटलेल्या सोडियमची जागा घेतो. हे केलं नाही तर पुढे झाडाला जाणारा कॅल्शियम कोकोपीटच धरून बसतं आणि टोमॅटोची बुडं काळी का पडतात, हा प्रश्न पडतो.

कंपोस्ट हा या क्रेटचा गाभा आहे, आणि फसगतही इथेच सगळ्यात जास्त होते. बाजारात गांडूळखत म्हणून अर्धवट कुजलेलं शेण सर्रास मिळतं. ओळखायची पद्धत सोपी: मूठभर खत ओलं करून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा आणि दोन-तीन दिवसांनी उघडा. पावसाच्या पहिल्या सरीसारखा वास आला तर खत तयार आहे. नाकाला झोंबणारा अमोनियाचा किंवा सडका वास आला तर ते अजून दीड-दोन महिने मुरायला हवं. घरच्या ओल्या कचऱ्याचं कंपोस्ट असेल तर त्याहून चांगलं. दोन्ही अर्धं-अर्धं घ्या. वेगवेगळ्या ठिकाणचं खत म्हणजे वेगवेगळे जीव.

भुसभुशीतपणासाठी कोकणात किंवा मावळात राहत असाल तर भातगिरणीतलं तूस घ्या. त्यात सिलिका भरपूर असल्याने ते लवकर कुजत नाही. ते नसेल तर विटांचे हरभऱ्याएवढे तुकडे किंवा परलाइट (नर्सरीत मिळणारे हलके पांढरे खडे). थर्माकोलचे मणी नकोत.

मातीबद्दल एक सावधगिरी. दख्खनची काळी माती शेतात कितीही सोन्यासारखी असली तरी क्रेटमध्ये ती जास्त चालत नाही. ओली झाली की फुगते, सुकली की भेगाळते आणि मुळांच्या भोवती हवा उरत नाही. पण अन्नद्रव्यं धरून ठेवण्याची तिची ताकद मोठी, म्हणून ती पूर्ण सोडायचीही नाही. अर्ध्या बादलीत निम्मी काळी आणि निम्मी लाल, हे प्रमाण ठीक. फक्त भाजीच्या किंवा टोमॅटो-वांग्याच्या शेतातली माती आणू नका. मुळांवर गाठी करणारे सूत्रकृमी तिच्यातून घरात येतात आणि मग जात नाहीत.

आता कोरडी खतं, एका क्रेटसाठी: निंबोळी पेंड १५० ग्रॅम, शेंगदाणा पेंड १०० ग्रॅम, हाडांचा चुरा १०० ग्रॅम, जिप्सम १०० ग्रॅम. हाडांचा चुरा नको असेल तर त्याऐवजी गांडूळखत दोन लिटर वाढवा. पेंडीचं प्रमाण 'थोडं जास्त घालू, जोमाने वाढेल' म्हणून वाढवू नका. जास्तीची पेंड तापते, वास मारते आणि चिलटांना आमंत्रण देते. राखही घालू नका. आपल्याकडची बरीचशी माती आणि बोअरचं पाणी आधीच अल्कधर्मी असतं आणि राखेने ते आणखी वाढतं.

परदेशात घरात पिकवणारे लोक बेसॉल्टच्या खडकाची भुकटी पाकिटातून विकत घेतात. आपला बहुतेक महाराष्ट्र बेसॉल्टवरच बसला आहे. खडीक्रशरवर मिळणारी बारीक भुकटी अर्धा ते एक किलो पुरे. तिच्यातून कॅल्शियम, मॅग्नेशियम, लोह हळूहळू सुटतं. क्रशरवाल्याला दगड कुठला ते विचारून घ्या आणि हाताळताना तोंडाला मास्क लावा, कारण ही धूळ फुप्फुसांना वाईट. लाकडी कोळशाचा चुरा एक-दोन लिटर घालता आला तर उत्तम, पण तो आधी आठवडाभर गांडूळखताच्या पातळ काल्यात भिजवून. कोरा कोळसा घातला तर तो मातीतलंच नत्र शोषून घेतो आणि पहिलं पीक खुरटतं.

मुरवण

सगळं ताडपत्रीवर पसरा, कालवा, आणि शिंपडत शिंपडत भिजवा. मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा आणि बोटांतून एखाद-दुसरा थेंब यावा, एवढीच ओल. धार लागली तर कोरडं कोकोपीट घाला.

आता त्यात जुन्या वड-पिंपळाच्या बुंध्याजवळची किंवा शेताच्या बांधावरची, पालापाचोळ्याखालची मूठभर माती मिसळा. दुधाला विरजण लावावं तसं हे आहे: थोडेसे जीव सोडायचे आणि वेळ द्यायचा. विदर्भातल्या बेलोऱ्याचे सुभाष पाळेकर यांच्या जीवामृतातही (शेण-गोमूत्राचं आंबवलेलं पातळ खत) बांधावरची मूठभर माती असते ती याचसाठी.

मिश्रण क्रेटमध्ये भरून वर ओलं गोणपाट टाका आणि तीन ते चार आठवडे मुरू द्या. पहिल्या आठवड्यात हात घातला तर कोमट लागेल, पृष्ठभागावर पांढरी बुरशीची जाळी दिसेल. दोन्ही चांगली लक्षणं आहेत. अमोनियाचा वास येऊ लागला तर मिश्रण उपसून पसरा, वारा लागू द्या, सुकी पानं मिसळा आणि पुन्हा भरा. आठवड्यातून एकदा वरखाली करा. ही ढवळाढवळ फक्त मुरवणीपुरती. पीक लागल्यावर ही माती पुन्हा कधी खणायची नाही.

मुरवण संपली की नाही, हे कॅलेंडर सांगत नाही, मेथी सांगते. कोपऱ्यात दहा-बारा दाणे टाका. तीन-चार दिवसांत सगळे हिरवेगार वर आले तर पेरा. दाणे कुजले, किंवा पानांच्या कडा जळाल्या तर आणखी पंधरा दिवस थांबा. घाई करणाऱ्यांचं पहिलं पीक इथेच जातं.

पहिली पेरणी

पहिल्या क्रेटमध्ये मेथी, लसणाची पात, लाल माठ, पुदिना यांपैकी काही लावा. मेथीच्या मुळांवर नत्र धरणाऱ्या जिवाणूंच्या गाठी होतात, त्यामुळे तिने मातीचंही भलं होतं. कोथिंबीर थंडीत लावा. उन्हाळ्यात ती लवकर फुलोऱ्यावर जाते. टोमॅटो-मिरचीला घरात बराच जास्त प्रकाश लागतो, त्यामुळे ती दुसऱ्या वर्षी.

मायकोरायझा म्हणजे मुळांशी जोडून राहणाऱ्या बुरशीची पाकिटं आता सगळीकडे मिळतात. टोमॅटो, मिरची, मेथी, कांद्या-लसणाची पात यांना ती उपयोगी, पण मुळा, मोहरी, कोबी आणि पालक यांच्या मुळांशी ही बुरशी नातं जोडतच नाही. या पिकांसाठी तो खर्च करू नका. रोपं बुडातून कोलमडत असतील, विशेषतः पावसाळ्यात, तर कृषी सेवा केंद्रातून ट्रायकोडर्मा ही रोगट बुरशीला आवर घालणारी मित्रबुरशी आणा. ते दोन चमचे लिटरभर ओलसर गांडूळखतात मिसळून आठवडाभर सावलीत ठेवा आणि मग मातीवर पसरा.

प्रकाशाचं थोडक्यात: पालेभाजीसाठी एका क्रेटवर २० वॉटच्या दोन पांढऱ्या एलईडी ट्यूब, झाडाच्या शेंड्यापासून वीसेक सेंटिमीटर उंचीवर, रोज १२ ते १४ तास. १४ तासांच्या हिशोबाने महिन्याला साधारण १७ युनिट वीज. जांभळे 'ग्रो लाइट' घ्यायची गरज नाही. एक छोटा पंखा मात्र दिवसातून काही तास फिरता ठेवा. घरातल्या बागेत वाऱ्याची उणीव सगळ्यात जास्त जाणवते.

पेरणी झाली की मातीवर आच्छादन घाला. सुकी पानं, भाताचा पेंढा किंवा रसवंतीतलं चिपाड, दोन बोटं जाड. चिपाड आधी धुऊन कडक उन्हात वाळवा, नाहीतर साखरेमागे मुंग्या येतात. आच्छादनाखाली वीसेक गांडुळं सोडली तर ती पुढचं बरंच काम करतात. गांडूळखताच्या खड्ड्यातलीच घ्या. शेतात खोल बिळं करणारी गांडुळं क्रेटमध्ये टिकत नाहीत.

पाणी, आणि पुन्हा पाणी

जिवंत मातीचे बहुतेक क्रेट पाण्याने मरतात, आणि त्यातले बरेचसे जास्त पाण्याने. बाहेर ऊन-वारा चूक सावरून घेतात, आत कोणी सावरत नाही. ५० लिटरच्या क्रेटला एका वेळी दोन ते अडीच लिटर पाणी पुरे, तेही एकदम न ओतता झारीने, पंधरा मिनिटांच्या अंतराने दोन-तीन हप्त्यांत. ट्रेमध्ये पाणी उतरलं तर तुम्ही जास्त घातलं. ते काढून टाका. पुढचं पाणी कधी घालायचं, ते बोट दुसऱ्या पेरापर्यंत खुपसून ठरवा. तिथे ओल लागली तर आज पाणी नाही. मुंबईच्या जुलैत आठवडा जाईल, नागपूरच्या मेमध्ये एक दिवसाआड लागेल. वार ठरवून पाणी घालू नका.

माती पूर्ण सुकूही देऊ नका. वाळलेलं कोकोपीट पाणी नाकारतं आणि पाणी कडेकडेने थेट ट्रेमध्ये येतं. असं झालं तर थोडं थोडं शिंपडत दिवसभरात भिजवा. यासाठी रिठ्याचं पाणी वापरायचा सल्ला मिळतो, पण त्यातला फेस करणारा पदार्थ गांडुळांना झोंबतो. गांडुळं असतील तर नको.

कुठलं पाणी, यालाही तितकंच महत्त्व आहे. महापालिकेच्या पाण्यात क्लोरीन असतो. बादली रात्रभर उघडी ठेवली तरी बराचसा उडून जातो. आरओ यंत्रातून वाया जाणारं पाणी झाडांना घालण्याची चाल घरोघरी आहे. त्यात गाळून निघालेले क्षार एकवटलेले असतात. फरशी पुसायला वापरा, क्रेटमध्ये कधीही नको. बोअरच्या जड पाण्याने मातीवर पांढरी खपली धरते, आणि कोवळी पानं पिवळी होऊन शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. लोह मातीत असूनही मुळांना मिळत नाही, त्याची ही खूण. त्यावर खत घालून उपयोग नाही, पाणीच बदलायला हवं. पावसाळ्यात पत्र्यावरचं पहिलं पाणी सोडून देऊन नंतरचं साठवा. वर्षातून एकदा, शक्यतो पीक निघालेलं असताना, क्रेटमधून असं दहा-पंधरा लिटर पावसाचं पाणी सावकाश जाऊ द्या आणि ट्रेमधलं टाकून द्या. साठलेले क्षार निघून जातात.

काढणीनंतर

रोप उपटायचं नाही. मातीलगत कापायचं. मुळं आत कुजतात, त्यांच्या वाटा हवा-पाण्याला मिळतात आणि जिवाणूंचं खाणं होतं. आच्छादन बाजूला सारा, दीड-दोन लिटर गांडूळखत आणि दोन मोठे चमचे निंबोळी पेंड पसरा, बोटांनी वरच्या सेंटिमीटरभर मातीत कालवा आणि आच्छादन पुन्हा ओढून घ्या. पेंड उघडी राहिली तर तिच्यावर बुरशी धरते. आठवडाभर थांबून पुढची पेरणी. वर्षातून दोनदा क्रेटला भाजीच्या पिकातून सुट्टी द्या: मूग किंवा चवळी दाट पेरा, फुलं येण्याआधी कापा आणि तिथेच आच्छादन म्हणून पसरा.

जीवामृताबद्दल विचारणा होतेच. शेतासाठी ते उपयोगी आहे, पण बंद खोलीत आणि कच्च्या खायच्या पालेभाजीवर मी ते वापरू नका असंच सांगेन. त्यात कच्चं शेण असतं आणि शेणातले रोगजंतू कोथिंबिरीबरोबर थेट ताटात येऊ शकतात. अमेरिकेच्या सेंद्रिय शेतीच्या नियमांत मातीला टेकणाऱ्या पिकाची काढणी आणि त्याआधी घातलेलं कच्चं शेणखत यांत किमान १२० दिवसांचं अंतर सांगितलेलं आहे. द्रवरूप काही द्यायचंच असेल तर पूर्ण मुरलेल्या गांडूळखताचं पाणी दहापट पातळ करून, पानांवर न पाडता मातीत द्या.

चिलटं आणि इतर तक्रारी

घरातले लोक बाग बंद करायला लावतात ते चिलटांमुळे. ही बारीक काळी माशी ओल्या पृष्ठभागावर अंडी घालते आणि तिच्या अळ्या बुरशी आणि कोवळी मुळं खातात. अंड्यापासून माशीपर्यंत तीन-चार आठवडे जातात, म्हणून उपायही महिनाभर नेटाने करावा लागतो. आच्छादन काढून वरचा इंचभर थर सुकू द्या, पिवळे चिकट सापळे मातीच्या जवळ लावा, आणि बीटीआय नावाचा जिवाणू पाण्यातून आठवड्याला एकदा द्या. डासांच्या अळ्यांसाठी वापरतात तोच हा. माणसांना आणि गांडुळांना तो बाधत नाही. फक्त उडणाऱ्या माश्या मारत बसलात तर त्या कधीच संपणार नाहीत.

पाणी घातल्यावर टुणटुण उडणारे पांढरे बारीक किडे मात्र मित्र आहेत, ते कुजलेलं खातात. छत्र्या उगवल्या तर माती जिवंत असल्याचं समजा, पण खाऊ नका. एसीच्या कोरड्या हवेत लाल कोळी ही पानांतला रस शोषणारी कीड येते. पानांच्या मागून पाण्याचा फवारा मारला तरी बरीच आटोक्यात राहते. मावा आणि मिलीबगला लिटरभर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल आणि थोडा साबण, तेही दिवा बंद झाल्यावर. कुजक्या अंड्यांचा वास आला तर तळाशी पाणी साचलंय. क्रेट एका बाजूने उचलून विटा नीट बसवा, दहा दिवस पाणी थांबवा, काठीने तळापर्यंत भोकं पाडा.

गणपतीला किंवा लग्नासाठी आठ-दहा दिवस गावी जायचं असेल तर निघण्याआधी भाजी कापून घ्या, कारण कमी पानं कमी पाणी पितात. क्रेट पूर्ण भिजवा, आच्छादन चार बोटं जाड करा, दिव्याला टायमर लावून वेळ आठ तासांवर आणा आणि पंखा बंद करा. वर प्लास्टिक झाकू नका. परत आल्यावर माती सुकलेली वाटली तरी लगेच भरपूर पाणी न घालता दोन दिवसांत हळूहळू भिजवा. आणि दुसरा क्रेट सुरू करायचा झाला तर पहिल्यातली दोन-तीन ओंजळी माती त्यात घाला; वड-पिंपळाखाली जायची गरज उरणार नाही.